चिऱ्यावरची माती

शिमग्याच्या पालख्या घरोघर फिरून देवळात परत बसल्या की आमच्या सड्यावर, गावावरच्या कातळी माळावर, जांभ्या दगडाच्या चिरेखाणी सुरू होतात. यंदाही झाल्या. सकाळी चहाचा पेला हातात घेऊन पडवीत बसलो की वरून टिकावाचे घाव ऐकू येतात. दोन घाव पडतात, जरा थांबतात, पुन्हा दोन पडतात. गावाला हा आवाज आवडतो, कारण त्याचा अर्थ कोणाचं तरी घर उभं राहणार, कोणाच्या तरी विहिरीला काठ होणार. मला तो आवडत नाही. शिमगा ते मृग हे तीन महिने मी घरात सगळ्यांवर खेकसत असतो. बायको म्हणते, "तुम्हाला उन्हाळा बाधतो, कोकमाचं सरबत घेत जा." मी घेतो.

परवा राहवलं नाही म्हणून सड्यावर चढलो. शेजारच्या वाडीतल्या एकाने नवी खाण घातली आहे. चिरा मोकळा करायचा म्हणून दोन गडी वरची माती फावड्याने ओढून कड्यावरून खाली लोटत होते. तांबूस काळी, भुसभुशीत, गवताच्या मुळ्यांनी अजून धरून ठेवलेली माती. मी म्हटलं, "अरे, ती बाजूला काढून ठेवा. टाकता काय?" त्यातला एक कपाळावरचा घाम पुसत हसला. म्हणाला, "मातीला कोन इचारतो खोत? चिरा खाली हाय." मी त्याच्यावर असा काही ओरडलो की बिचारा फावडं टाकून उभा राहिला. मग मी तिथून निघून आलो. त्याचं काही चुकलं नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी आमच्याच ओटीवर याहून वाईट बोललं गेलं होतं आणि मी हसलो होतो.

देशावरच्या माणसाला आमचा सडा समजावून सांगणं कठीण आहे. त्याची काळी जमीन खणत जाल तितकी खाली काळीच लागते, त्यामुळे माती ही संपणारी वस्तू आहे हे त्याला खरं वाटत नाही. आमच्याकडे कातळ आधी आणि माती नंतर. वर वीतभर माती असली तर माणूस स्वतःला शेतकरी म्हणवतो. तिच्याखाली चार-पाच हात जांभा, आणि जांभा संपला की पांढरट, गुळगुळीत चिकणमाती, जिच्यात गवताचं पातंसुद्धा धड उभं राहत नाही. ती वरची वीतभरसुद्धा कुठे आपोआप आलेली नसते. कोणीतरी ती डोक्यावरून आणलेली असते. सड्यावर जिथे जिथे हिरवा तुकडा दिसेल तिथे तिथे कोणाची तरी मान कायमची आखडलेली आहे, असं खुशाल समजावं.

भागीरथीची मान अशीच आखडलेली होती. ती आमचं कूळ. घो जाऊन चार वर्षं झालेली, पोरबाळ नाही, पन्नाशीच्या अलीकडेपलीकडे असेल. अंगाने काटकी, आणि चालताना डोक्यावर काही नसलं तरी असल्यासारखी सरळ चालायची. सड्यावर आमच्या हद्दीत तिचा एक तुकडा होता. पूर्वी तिथे नुसता कातळ होता, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्या दोघा नवराबायकोने एकोणीस वर्षं त्या कातळावर माती नेली. व्हाळात, म्हणजे ओढ्यात, साचलेला गाळ, रानातला पालापाचोळा म्हणजे पातेरा, गोठ्यातलं शेण, किनाऱ्यावरच्या बुरोंडीहून मासळीच्या कुट्याचं खत. भोवती दगडांचा बांध रचला, पावसात बांध फुटला की वाहून चाललेली माती पुन्हा सुपाने भरून वर नेली. शेवटी शेवटी त्या तुकड्यात भात व्हायला लागलं. निम्मं आमच्या घरी यायचं. जमीन खोताची, म्हणून.

खोत म्हणजे माझे वडील. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं. तात्यांनी त्या वर्षी सड्यावर हापूसची चाळीस कलमं लावायचं मनावर घेतलं. कलमांच्या बागेला आमच्याकडे सुट्या धोंड्यांचा गडगा घालतात, तो गुरांना अडवायला पुरतो. पण पलीकडच्या गावच्या खोताने आपल्या बागेला चिरेबंदी भिंत घातली होती, आणि ती पाहून आल्यापासून तात्यांना जेवण गोड लागत नव्हतं. चिरा हवा. चिरा कुठे चांगला आहे हे पाहायला ते स्वतः पहार घेऊन सडाभर हिंडले, ठिकठिकाणी ठोकून आवाज ऐकला. सर्वांत भरीव आवाज भागीरथीच्या तुकड्याखालून आला.

ती आली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. फाल्गुनाचं ऊन अंगणात टेकलं होतं, काजूच्या मोहोराचा वास येत होता. ओटीवर तात्या आणि गावातले चारजण पान खात बसले होते. ओटीच्या टोकाला मी. मी त्या वर्षी पुण्याच्या शेतकी कॉलेजात नापास होऊन घरी परतलो होतो आणि तात्यांच्या शब्दांत 'खाऊन पिऊन सुखी' होतो. भागीरथी खाली अंगणात उकिडवी बसली. कुळं ओटीवर चढत नसत.

"तात्या, जमीन तुमची. ता न्हाय कोन म्हनत?" ती म्हणाली. "पन वरची माती माझी हाय."

"तुझी? ती कशी काय गो?"

"तितं कातळ व्हता. आमी दोगांनी एकोनीस वरसं डोक्यावरनं आनली. इचारा कोनालाबी."

तात्यांनी पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "बरं. मग उचल तुझी माती आणि ने. माझी जमीन तेवढी मोकळी करून ठेव, चिरेवाले चैत्री पौर्णिमेनंतर येतायत."

ओटीवर हशा पिकला. मीही हसलो. विनोद मला फार आवडला होता असं नाही, पण तात्यांच्या विनोदाला हसायची घरात रीतच होती. भागीरथी हसली नाही. तिने जमिनीला हात टेकून उठत एवढंच विचारलं, "पौर्निमेपत्तूर ना?" आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोपली घेऊन सड्यावर हजर.

मी तिला बघायला गेलो. मला दुसरा उद्योग नव्हता. आधी वाटलं, ही रागाने ओरबाडत असेल. पण ती ज्या निगुतीने माती काढत होती तसं मी कॉलेजच्या शेतातही कोणाला पाहिलं नव्हतं. वरची चार बोटं माती ती आधी सोलून काढायची, ती एका टोपलीत. तिच्याखालची वेगळी, दुसऱ्या टोपलीत. दोन्ही टोपल्या तिच्या खोपटापुढच्या अंगणात जायच्या, सड्यावरून उतरून पाऊण मैल. वरच्या मातीचा ढीग निराळा, खालच्या मातीचा निराळा. मी विचारलं, "असं का?"

तिने डोक्यावरची चुंबळ सारखी केली. "वरची ती साय, धाकलं खोत. पीक खातं ती सायच. खालची नुसता आधार देते. दोनी मिसळल्या तर साय गेली."

हे मला इंग्रजीतून एका मास्तरांनी तासभर सांगितलं होतं, फळ्यावर आकृती काढून. त्याच पेपरात मी नापास झालो होतो.

मग मी रोज जाऊ लागलो. खरं सांगायचं तर त्या घरात माझ्याशी सरळ कोणी बोलत नव्हतं, आणि ही बाई बोलायची. अंगणातला सायीचा ढीग तिने गुडघ्याहून उंच होऊ दिला नाही, लांब पसरला. "उंच रचली की आत घुसमटते. मंग मरते." त्यावर ऐनाच्या झाडाचे पाल्यासकट टाळ पसरले, वाऱ्याने उडू नये म्हणून. आणि टाळांच्या फटीतून कुळीथ पेरला. चैत्रात कुळीथ! मी हसलो तर म्हणाली, "मुळं धरून ठेवतात तिला. रिकामी बसली की माती इसरते." भांडी घासल्याचं पाणी, तांदूळ धुतल्याचं पाणी, तिची आंघोळ झाल्यावर दगडावर साचलेलं पाणी, सगळं ती त्या ढिगावर घालायची. पाण्याचा झरा अर्ध्या मैलावर. तिच्या स्वतःच्या ओठांना चिरा पडलेल्या होत्या. आठ दिवसांत कुळथाचे कोंब वर आले. उन्हाने सगळं रान करपलेलं, आणि एका खोपटापुढे तेवढी हिरवी रेघ. लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायचे आणि तिला चिडवायचे, "भागे, शेत घराकडं आनलंस, आता व्हाळपन आन." ती म्हणायची, "आनीन."

चिरेवाले आले. खाणीवर नारळ फुटला, कोंबडं पडलं, गुरवाने गाऱ्हाणं घातलं, चिरा अखंड निघू दे, गड्यांच्या हातापायाला इजा होऊ देऊ नको. मातीचं नाव त्यात नव्हतं. मग टिकाव सुरू झाले. ताजा निघालेला चिरा ओला असतो, नखाने ओरखडा काढता येतो, त्याला गाभुळलेल्या चिंचेसारखा वास असतो. चार दिवस वारा लागला की तो असा घट्ट होतो की टिकावाची धार जाते. महिन्याभरात शेत होतं तिथे पुरुषभर खोल चौकोनी खड्डा झाला, भिंती सुरीने कापल्यासारख्या सरळ. तळाला चिकणमाती लागली तेव्हा त्यांनी काम थांबवलं. भागीरथी काठावर उभी राहून खाली बघत होती. मला वाटलं, रडेल. ती खड्डा मापत होती.

"ह्यो भरनार मी," ती म्हणाली. "तात्यांकडं मागून घेनार. चिरा गेला, आता त्यांना काय उपेगाचा? तळाला चिऱ्याची कपरी घालाची, पानी मुराया. खालच्या अंगाला चर मारून पान्याला वाट. मंग रानातला पातेरा, मंग खालची माती, मंग साय. दोन पावसात भात देतो का न्हाय बगा." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमी सांगाल त्यांना? माझा ऐकनार न्हाईत. तुमचा ऐकतील."

माझं घरात मांजरही ऐकत नव्हतं. पण कोणीतरी मला असं म्हणालं होतं. मी म्हटलं, "सांगतो की. मी सांगतो तात्यांना."

पुढचं लिहायला हात जड होतो, तरी लिहितो. इतकी वर्षं मी या गोष्टीतला आपला भाग तात्यांच्या खात्यावर ढकलत आलो. आता तात्याही नाहीत.

वैशाखात सुरुंग लावून कलमांचे चाळीस खड्डे झाले. कलमं बैलगाडीतून येऊन विहिरीजवळ फणसाच्या सावलीत ठेवली होती, त्यांना रोज पाणी पाजावं लागे. अडलं ते मातीवाचून. गड्यांनी रस्त्याच्या कडेची माती आणली, ती निम्मी खडी. व्हाळातला गाळ आणला, तो उन्हात तडकून खापरासारखा झाला. तात्या हवालदिल. एके दुपारी जेवताना ते माझ्यावर घसरले. "वर्षभर पुण्यात माझ्या जिवावर राहिलास. कलमाला माती कुठली घालतात एवढं तरी शिकवलंन का कोणी? का तिथे नुसते नाटकाला जात होतास?"

मी भात कालवत होतो. आई वाढायला उभी होती. आणि मी मान वर करून बोलायला लागलो. म्हटलं, कातळावरच्या कलमाला वरच्या थरातली माती लागते, चार बोटांची. तीच जिवंत असते. ती वेगळी काढून, फार उंच न रचता, वर काहीतरी उगवतं ठेवून राखावी लागते. आणि अशी राखलेली माती या गावात एकाच ठिकाणी आहे.

भागीरथीचे शब्द मी शुद्ध भाषेत म्हणून दाखवले.

तात्यांचा घास हातात राहिला. मग ते आईकडे वळून म्हणाले, "अगदीच फुकट नाही गेलं म्हणायचं पोरगं. अक्कल आहे." त्यांनी मला आपल्या हाताने तूप वाढलं. मला झालेला आनंद मी लपवणार नाही. वयाच्या तेविसाव्या वर्षी वडिलांनी पहिल्यांदा माझ्या पानात काही वाढलं होतं. भागीरथीची आठवण मला त्या वेळी झालीच नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. झाली होती. तूप भातात जिरेपर्यंत ती आठवण होती, मग मी जेवलो.

आईने एवढंच विचारलं, "ती माती तिची ना? तुम्हीच म्हणालात ने म्हणून."

"म्हणालो. तिने नेलीन. कुठे नेलीन? आपल्या अंगणात. ते अंगण कोणाचं?" तात्यांनी ताक मागितलं. "माझ्या जमिनीवरची माझ्या जमिनीवर नेलीन. गेली कुठे?"

आमच्याकडे प्रत्येक कुळाच्या घरातलं एक माणूस वर्षातले ठरलेले दिवस खोताच्या कामाला येत असे. त्याला वेठ म्हणत. मोबदला नाही, दुपारी पेज मिळायची. त्या वर्षी वेठीचं काम ठरलं कलमांच्या खड्ड्यांत माती नेऊन घालण्याचं. प्रत्येक घरातून एक माणूस. भागीरथीच्या घरात माणूस एकच होतं.

सकाळी दहाबाराजण टोपल्या घेऊन जमले. मी छत्री घेऊन देखरेखीला. मी त्यांना भागीरथीच्या खोपटाकडे घेऊन चाललो तेव्हा तीही इतरांबरोबर टोपली डोक्यावर घेऊन चालत होती, माझ्या मागे चार पावलांवर. कुठे जायचं ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. वाट तिच्याच घराकडे वळली तशी तिची पावलं मंद झाली. अंगणात आलो. कुळीथ वीतभर झाला होता, पानं कोवळी होती. मी छत्रीच्या टोकाने ढीग दाखवला आणि गड्यांना म्हटलं, "ही. वरची आधी, खालची वेगळी."

कोणी हलेना. सगळे तिच्याकडे बघत होते. ती माझ्याकडे.

"धाकलं खोत," ती म्हणाली, "तुमी तात्यांना सांगनार व्हतात."

"सांगितलं मी," मी म्हटलं.

  ती पुढे झाली, ऐनाचे टाळ स्वतःच बाजूला केले, आणि पहिली टोपली तिने भरली.

क्रूरपणा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चाबूक येतो. आमच्या घरात चाबूक नव्हता. तात्यांनी भागीरथीला जन्मात शिवी दिली नाही. वेठीच्या पाचही दिवशी तिला इतरांसारखीच पेज मिळाली आणि आईने तिच्या द्रोणात लोणच्याची फोड मुद्दाम मोठी घातली. सगळं रीतसर झालं. अशा रीतसर गोष्टींचा मला आता जितका संताप येतो तितका मारामारीचाही येत नाही, आणि संताप येऊन उपयोग काय हेही मला माहीत आहे.

पण त्या पाच दिवसांतलं जे माझ्या मनातून जात नाही ते वेगळंच आहे. गडी सड्यावर जाऊन टोपल्या खड्ड्यांत कशाही ओतत होते. साय खाली, आधाराची माती वर, मध्ये चिऱ्याची कपरी. वेठीचं काम, कोण मन लावून करणार? दुसऱ्या दिवशी दुपारी भागीरथीने आपली टोपली खाली ठेवली आणि ती ओरडली, "आवो, अशी नका रं टाकू! साय तळाला गेली तर झाड खाईल काय?" आणि ती खड्ड्यात उतरली. स्वतः. तळाला पातेरा अंथरला, त्यावर खालची माती घेतली, पायांनी बेताने दाबली, मग वरून साय पसरली आणि मध्ये कलमापुरती जागा ठेवली. तो खड्डा झाल्यावर पुढचा. आधी भरलेले उपसून चाळीसही खड्डे तिने असे भरले. गडी तिला टोपल्या देत होते आणि ती आतून हात वर करत होती. मी काठावर छत्रीत. तात्या संध्याकाळी पाहायला आले तेव्हा गड्यांना म्हणाले, "बघा रे, वेठ कशी करावी ती हिच्याकडनं शिका."

तिने ते आमच्यासाठी केलं नव्हतं. ती माती वाईट रीतीने वापरलेली तिला बघवत नव्हती, इतकंच. हे कळायला मला बरीच वर्षं लागली. एखादी आई आपलं मूल दुसऱ्याच्या घरी देताना त्याला काय आवडतं काय नाही ते सांगून जाते, तसं ते होतं.

शेवटच्या दिवशी उपटलेल्या कुळथाची एक पेंढी तिने बाजूला ठेवली होती. ती न्यायला परवानगी मागितली. तात्या तिथे नव्हते, मलाच विचारलं. मी म्हणू शकलो असतो, ने. पण गडी बघत होते, आणि सकाळपासून माझ्या हुकमाने सगळं चाललं होतं, त्याची मला चटक लागली होती. मी म्हटलं, "बैलांना घाला."

मृग लागायच्या आधी ती तात्यांकडे खड्डा मागायला आली. तात्यांनी लगेच दिला. "ने, तुझा खड्डा. भर आणि पिकव." त्यांना आपण मोठं मन दाखवलं असं खरंच वाटलं होतं. आता भरायला कपरी आणि चिकणमाती एवढंच उरलं होतं. तिने त्यावर नाचणी टाकून पाहिली. चर मारायला तिच्याजवळ पहार नव्हती, आम्ही दिली नाही, तिने मागितली नाही. आषाढात खड्ड्यात गळाभर पाणी चढलं. गौरी-गणपतीच्या सुमारास तिच्या खोपटावर धूर दिसेनासा झाला. कोणी म्हणालं, बुरोंडीला मावसबहिणीकडे गेली. घरात त्यावर बोलणं निघालं नाही. सोवळं नेसलेल्या आईने तेवढं देवापुढे हात जोडून काहीतरी पुटपुटल्याचं आठवतं.

चाळीसच्या चाळीस कलमं जगली. एकही मेलं नाही. सड्यावर असं होत नाही. आता हर्णैच्या बंदरातून आमच्या पेट्या बोटीने मुंबईला जातात, आणि आंबा खाल्लेली माणसं पत्र लिहून पुढच्या वर्षीची मागणी आधीच कळवतात. पाहुणे बाग बघायला येतात, चिरेबंदीवर हात फिरवतात, विचारतात, "कातळावर हे जमवलंत कसं?" मी म्हणतो, "माती चांगली आहे." ते म्हणतात, "तुम्ही शेतकी शिकलात ना, म्हणून." मी तेही ऐकून घेतो. आंबा मी खात नाही असं मात्र नाही. खातो. चांगला लागतो.

तात्या जाऊन तीन वर्षं झाली. आता ओटीवर मी बसतो आणि लोक मला खोत म्हणतात. खोती मोडली पाहिजे म्हणून तालुक्याला सभा होतात, मला तिथून शिव्या पडतात असं ऐकतो, आणि त्या मला मनापासून पटतात. पण पटणं हे फार स्वस्त काम आहे.

गेल्या चैत्रात मी बुरोंडीला गेलो. दुसरं काम होतं, पण ते निमित्त. भर दुपार, समुद्राच्या पाण्याची चमक डोळ्यात खुपत होती. वाळूत लांबच्या लांब मांडवांवर बोंबील वाळत घातलेले. भागीरथी एका रांगेतून वाळके बोंबील काढून टोपलीत टाकत होती. केस पांढरे, बाकी तशीच. तिने मला लांबूनच ओळखलं. हात थांबवला नाही.

तिला 'तुम्ही' म्हणायचं असं मी वाटेत ठरवलं होतं. जीभ वळली नाही. "भागीरथी," मी म्हटलं, "तो खड्डा मी तुझ्या नावावर करून देतो. कागद करून. गडी देतो, पहार देतो. तू ये. पुन्हा भर."

तिने एक बोंबील उलटून पाहिला, तो अजून ओला होता, परत मांडवावर टाकला. "माती खंयची घालाची त्यात?"

"तू म्हणशील ती."

"माझी माती तुमच्या झाडांनी खाल्ली," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. "दोगं व्हतो तवा एकोनीस वरसं लागली. आता मी एकटी, नि वय ह्या असा. कुनासाठी भरू?" मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, बैल बघावा तसं. "तुमी भरा की. तुमचं वय काय जास्त न्हाय. पयला पातेरा टाका. दरसाल टाकत ऱ्हावा. मंग बगा."

एवढं बोलून ती पुढच्या रांगेकडे गेली. माझे बूट वाळूने भरले होते, तसाच मी तिला जाताना पाहत राहिलो. 

घरी आल्यावर दोन दिवसांनी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, मी गोठ्यातली टोपली घेतली. बागेत कलमांखाली पडलेला पातेरा हातांनी गोळा करून ती भरली आणि डोक्यावर घेतली. चुंबळ कशी करतात ते मला येत नव्हतं, टोपलीची कड टाळूला रुतत होती. खाणीपर्यंत वाट फार नाही, तरी मी तीनदा थांबलो. कोणी भेटू नये म्हणून आधी पुढे पाहायचो, मग चालायचो. खड्ड्याच्या काठावर बसून टोपली आत उपडी केली. तळाला गेल्या पावसाचं सुकलेलं शेवाळ होतं, त्यावर पानं पडली. आवाजसुद्धा झाला नाही. वाऱ्याने त्यातली निम्मी एका कोपऱ्यात नेऊन लावली, आणि एवढ्या मोठ्या खड्ड्यात ती कुठे पडली होती तेही क्षणभराने मला दिसेना. मी मान चोळत रिकामी टोपली घेऊन परत आलो.

त्याला वर्ष झालं. दुसरी टोपली मी अजून नेलेली नाही.